स्कॅन अडकला म्हणजे व्हायरसने अँटीव्हायरस गिळला?

चवथीला गाव भरलं की वाड्यावरच्या ग्रुपवर काहीबाही फिरतंच. यंदा फिरलं ते असं: 'स्कॅन एकाच आकड्यावर अर्धा तास थांबला तर समजा, व्हायरसने अँटीव्हायरसच ताब्यात घेतलाय. लगेच बटण दाबून कॉम्प्युटर बंद करा, जोडीला दुसरा अँटीव्हायरस टाका, तरीही अडला तर फॉरमॅट.' फोंड्याच्या माझ्या मावसभावाने पहिली पायरी उरकूनच मला फोन केला.

आधी तो आकडा. टक्केवारी हा निव्वळ अंदाज. छोट्या फाइली भराभर सरतात. भलीमोठी झिप आली की स्कॅनर ती आतून उलगडत बसतो आणि पट्टी जागची हलत नाही. मावसभावाची पट्टी ६२ वर बसली होती. त्याने गावच्या जत्रेतल्या नाटकांचं १२ वर्षांचं चित्रीकरण एकाच झिपमध्ये कोंबलं होतं, जवळजवळ ४० जीबी! अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, तिथे 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' या नावाने दिसतो. तो सीपीयू किंवा डिस्क वापरत असेल तर काम चालू आहे. लॅपटॉप चार्जरला लावा, स्लीप बंद करा आणि खुशाल झोपा.

व्हायरस अँटीव्हायरसला अडवतो, हे अगदीच खोटं नाही. २००८ सालचा कॉन्फिकर नावाचा व्हायरस विंडोजचे अपडेट बंद पाडायचा आणि अँटीव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडू द्यायचा नाही. पण त्याची लक्षणं वेगळी: स्कॅनर उघडतच नाही, अपडेट येत नाही, बाकी सगळ्या साइट चालतात आणि नेमक्या त्याच चालत नाहीत. असं दिसलं तर विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन आहे, तो लावा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तो तपासतो, त्यामुळे विंडोजबरोबर जागा होणारा व्हायरस तेव्हा निजलेला असतो. साधारण १५ मिनिटांचं काम.

बटण दाबून बंद करणं? पावसात आमच्याकडे वीज ते काम न सांगता करते, आपण कशाला हातभार लावायचा? स्कॅनमध्ये कॅन्सल आहे, मेन्यूत रीस्टार्ट आहे.

दुसरा अँटीव्हायरस म्हणजे एकाच दारात दोन राखणदार. दोघे एकाच फाइलीवर झडप घालतात आणि मशीन आणखी रखडतं.

फॉरमॅटच्या सल्ल्याचा मात्र मला खरंच राग येतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वाचण्याचा वेग जवळजवळ शून्य, असं बराच वेळ दिसलं, वर जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बहुधा डिस्कच मरणपंथाला लागलेली असते. खराब जागा ती पुन्हा पुन्हा वाचू पाहते, म्हणून स्कॅन अडतो. फॉरमॅटने डिस्क बरी होत नाही, फोटो तेवढे जातात. अशा डिस्कवर स्कॅन थांबवा, विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, चेकडिस्क, तेही चालवू नका; आधी हवं ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.

मावसभावाची डिस्क ठणठणीत निघाली. झिप सोडवून नाटकं वेगवेगळी ठेवली, रात्री स्कॅन लावला. सकाळी पुरा झालेला, सापडलं काहीच नाही. एका वर्षाचं नाटक तेवढं उघडत नाही. ते बटण दाबल्याने बिघडलं की आधीपासूनच, देव जाणे. मेसेज टाकणाऱ्याशी त्याने बोलणं सोडलंय.