बौद्ध धर्माचा प्रसार आणि कोरमचा प्रश्न

दरवर्षी बुद्धपौर्णिमेला एक नकाशा फिरायला लागतो. मध्ये पाटलिपुत्र, तिथून श्रीलंका, गांधार, चीन, जपानकडे निघालेले जाड लाल बाण आणि खाली एक ओळ, की सम्राट अशोकाने बौद्ध धर्म आशियाभर पसरवला. अशोक आणि जपान यांच्यात आठशे वर्षांचं अंतर आहे, हे सोडून देऊ. ज्या तेराव्या शिलालेखाचा हवाला देतात त्यात अंतियोक, तुरमाय, मग वगैरे यवन राजांच्या मुलुखातल्या 'धम्मविजया'ची गोष्ट आहे, पण भिक्षुसंघाचा उल्लेख नाही. राजाने दगडावर नीतीची शिकवण कोरली म्हणजे तिथे संघ उभा राहत नाही. संघ उभा राहायला डोकी मोजावी लागतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बौद्ध धर्म कुठे पोचला, कुठे टिकला आणि कुठे विझला हे समजून घ्यायचं असेल तर राजांची यादी बाजूला ठेवा आणि विनयपिटकातली, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातली, गणपूर्ती बघा. सोसायटीच्या भाषेत, कोरम.

हिशोब साधा आहे. पातिमोक्ख, म्हणजे नियमांची यादी, एकत्र म्हणायला किमान चार भिक्षू. वर्षावास संपताना एकमेकांना चुका दाखवायला सांगण्याच्या विधीला, पवारणेला, पाच. मध्यदेशात, म्हणजे मगधाभोवतीच्या मूळ मुलुखात, उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षू करण्याचा विधी, करायला दहा. संघादिसेस नावाचा गंभीर दोष केलेल्याला प्रायश्चित्तानंतर परत घ्यायला वीस. सोसायटीच्या सभेला कोरम नसला तर अर्धा तास तहकूब करून तीच सभा पुन्हा भरवता येते. इथे तशी सोय नाही. नऊ भिक्षूंनी दिलेली उपसंपदा झालीच नाही असं धरतात.

विधी तपशिलात बघितला की या कडकपणाचं कारण कळतं. उमेदवाराला आधी बाजूला घेऊन आणि मग संघासमोर प्रश्न विचारतात. कुष्ठ, गंड, क्षय, अपस्मार यांपैकी काही आहे का? तू दास नाहीस ना? डोक्यावर कर्ज? राजाच्या चाकरीत आहेस का? आईवडिलांची परवानगी आहे? वीस वर्षं पुरी झाली? (वय गर्भधारणेपासून मोजतात, त्यामुळे काही महिने पदरात पडतात.) भिक्षापात्र आणि चीवरं (भिक्षूची वस्त्रं) पुरी आहेत? तुझं नाव काय, उपज्झायाचं, म्हणजे दीक्षागुरूचं, नाव काय? मग एकदा ठराव मांडायचा, तीनदा घोषणा करायची. ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहायचं, नाही त्याने बोलायचं. मौन म्हणजे मंजुरी. उपज्झाय स्वतः किमान दहा वर्षांचा जुना भिक्षू हवा. यात पुरोहित कुठेच नाही, सगळा अधिकार समूहाचा आहे. म्हणून समूहाची संख्या हाच कणा.

आता हा नियम घेऊन मगधाबाहेर पडा. विनयपिटकाच्या महावग्ग या भागात सोण कुटिकण्णाची हकीकत आहे. अवंतीतला हा उपासक महाकच्चायन या भिक्षूकडे प्रव्रज्या, म्हणजे घर सोडण्याची पहिली दीक्षा, मागतो, मिळते, पण उपसंपदेसाठी दहा भिक्षू गोळा करायला महाकच्चायनाला तीन वर्षं लागतात. पुढे सोण बुद्धाकडे जातो आणि गुरूच्या वतीने पाच मागण्या मांडतो. अवंती-दक्षिणापथात भिक्षू थोडे, तेव्हा कमी संख्येत उपसंपदा चालावी. तिथली जमीन काळी, खडबडीत, गुरांच्या खुरांनी तुडवलेली, तेव्हा जाड तळाच्या वहाणा चालाव्यात. लोकांना वारंवार आंघोळीची सवय, तेव्हा ती चालावी. अंथरायला कातडी चालावीत. पाचवी चीवरांबद्दलची. उन्हाळ्यात वाळलेल्या काळ्या रानात खुरांच्या खड्ड्यांवरून अनवाणी चाललेल्या माणसाला ही मागणी वेगळी समजवावी लागत नाही.

बुद्धाने पाचही मान्य केल्या. प्रत्यंत जनपदात, म्हणजे सीमेवरच्या मुलुखात, पाच भिक्षू पुरेत, त्यातला एक विनयधर, म्हणजे नियमांचा जाणकार, हवा. शिवाय मध्यदेश कुठे संपतो त्याच्या खुणाही दिल्या. पूर्वेला कजंगल, पश्चिमेला थूण, दक्षिणेला सेतकण्णिक, उत्तरेला उशीरध्वज पर्वत. त्यापलीकडे सगळं प्रत्यंत. आपला महाराष्ट्र आणि अपरान्त, म्हणजे कोकणपट्टी, सगळाच्या सगळा प्रत्यंतात. दहाचे पाच झाले, आणि माझ्या मते आशियाच्या धार्मिक इतिहासात याइतकी परिणामकारक दुरुस्ती दुसरी नाही.

पुरावा? अशोकाच्या काळातल्या तिसऱ्या संगीतीनंतर (भिक्षूंच्या धर्मसभेनंतर) तिचा प्रमुख मोग्गलिपुत्त तिस्साने वेगवेगळ्या प्रदेशांत थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, पाठवले, असं पाली परंपरा सांगते. समन्तपासादिका या विनयावरच्या अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, स्वच्छ लिहिलंय की प्रत्येक जण 'स्वतःसह पाच' होऊन निघाला, कारण प्रत्यंतात उपसंपदेला पाचांचा गण पुरतो. लंकेला गेलेल्या अशोकपुत्र महिंदासोबत इट्ठिय, उत्तिय, सम्बल आणि भद्दसाल. मोजा, पाच. सुमन श्रामणेर (उपसंपदा न झालेला शिकाऊ) आणि भण्डुक उपासक हिशोबात नाहीत. महारट्ठात महाधम्मरक्खित आला, अपरान्तात योनक धम्मरक्खित. योनक म्हणजे यवन. सोपाऱ्याच्या बाजूला आलेला थेर ग्रीक वंशाचा होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नसते कोण जाणे.

ही सगळी नंतर रचलेली कथा आहे असं म्हणणाऱ्यांसाठी सांचीचा दोन नंबरचा स्तूप आहे. 1851 साली पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने तो उघडला तेव्हा अस्थिकरंडांवर 'कासपगोत' आणि 'मझिम' ही नावं मिळाली, पहिल्याला तर 'सगळ्या हिमवंताचा (हिमालयाचा) आचार्य' म्हटलेलं. दीपवंसात हिमवंताला गेलेल्या पाचांत हीच नावं आहेत. तिसरं, दुदुभिसर, जवळच्या सोनारीच्या करंडावरच्या लेखात आहे. लंकेत लिहिलेल्या ग्रंथातली नावं माळव्यातल्या डबीवर मिळतात, याहून जास्त काय हवं?

भिक्षुणींचं गणित मात्र दुप्पट आहे. त्यांची उपसंपदा आधी भिक्षुणीसंघात आणि मग भिक्षुसंघात अशी दोनदा व्हावी लागते. म्हणून लंकेच्या अनुला देवीने दीक्षा मागितली तेव्हा महिंदाला 'मला ते करता येत नाही' असं सांगावं लागलं आणि त्याची बहीण संघमित्रेला भिक्षुणींचा गण घेऊन यावं लागलं. बोधिवृक्षाची फांदी सगळ्यांना आठवते, गण कोणाला आठवत नाही.

चीनमध्ये गाडी इथेच अडली. 148 साली पार्थियातला (आजचा इराण) भिक्षू आन शिगाव लुओयांगला पोचला, भाषांतरं सुरू झाली, ग्रंथ आले. पण विनय अर्धवट आला. 399 साली साठी ओलांडलेला चिनी भिक्षू फाहियान छांगआनहून पायी निघाला तो याच कामासाठी. उत्तर भारतात त्याची पंचाईत अशी झाली की विनय तोंडपाठ चालायचा, उतरवून घ्यायला पोथीच नाही! प्रत्येक जुन्या पंथाचा विनय थोडा वेगळा. पाटलिपुत्रात त्याला महासांघिक पंथाच्या विनयाची पोथी मिळाली, लंकेत दोन वर्षं राहिल्यावर महीशासकांची. तो परतेपर्यंत इकडे चीनमध्ये सर्वास्तिवाद आणि धर्मगुप्तक पंथांच्या विनयांची भाषांतरं झालीही होती. पुढे धर्मगुप्तकच रुजला. पालीत भिक्षूंचे 227 नियम, धर्मगुप्तकात 250. चीन, कोरिया, व्हिएतनाम आजही दुसऱ्या आकड्यावर चालतात.

429 साली नंदी नावाच्या नाखव्याच्या जहाजातून लंकेच्या काही भिक्षुणी आजच्या नानजिंगला उतरल्या. त्यांनी विचारलं, इथे आधी परदेशी भिक्षुणी आल्या होत्या का? नाही. मग तुमची दुहेरी उपसंपदा कशी झाली? चिनी भिक्षुणींना ती फक्त भिक्षूंकडून मिळाली होती. गुणवर्मन या भारतीय भिक्षूने सांगितलं, ती अगदीच फोल नाही, पण रीतसर करायची तर थांबा. आलेल्यांची संख्या पुरी नव्हती, भाषाही येत नव्हती. त्या चिनी शिकत बसल्या, नंदी परत लंकेला गेला आणि 433 साली आणखी भिक्षुणी घेऊन आला. तोवर गुणवर्मन वारला होता. मग संघवर्मन या दुसऱ्या भिक्षूच्या देखरेखीखाली तीनशेहून जास्त चिनी भिक्षुणींची नव्याने उपसंपदा झाली. कोरम भरायला एका जहाजाने दुसरी खेप मारली. सम्राटाच्या फर्मानापेक्षा मला या नाखव्याचं काम मोठं वाटतं.

जपानमध्ये तेच. 584 साली तिथे पहिली प्रव्रज्या घेतली ती स्त्रियांनी, झेन्शिन आणि तिच्या दोन सोबतिणींनी. झेन्शिन अकरा वर्षांची होती. रीतसर विनय शिकायला त्या 588 मध्ये समुद्र ओलांडून कोरियातल्या बेकजे राज्यात गेल्या. भिक्षूंसाठी दहांचा गण आणायचं काम जियानझेन या चिनी भिक्षूवर आलं. 742 मध्ये निमंत्रण, आणि पाच प्रयत्न फसले. एकदा सरकारदरबारी चुगली झाली, एकदा तर वादळाने जहाज थेट हायनान बेटावर नेलं. त्याची दृष्टी गेली. सहाव्या खेपेला, 753 मध्ये, तो पोचला आणि पुढच्या वर्षी नाराच्या तोदाइजी मंदिरात तीन आचार्य आणि सात साक्षी अशा दहांनी उपसंपदा दिली. 761 मध्ये लांबच्या दोन प्रांतांत उपसंपदेचे मंच बांधले तेव्हा तिथे तीन आचार्य आणि दोनच साक्षी ठेवले. पाच! अवंतीच्या काळ्या मातीसाठी दिलेली सवलत जपानच्या टोकाला लागू झाली.

तिबेटात नवव्या शतकात मध्य प्रांतातला संघ मोडला. पळून आमदो प्रांतात गेलेले तिबेटी भिक्षू तीनच होते. तिथल्या गोंगपा रबसल या उमेदवाराला उपसंपदा द्यायला दोन चिनी भिक्षू घेऊन पाच केले. भिक्षुणींचा गण तिथे कधी पोचलाच नाही.

संख्या भरली तरी सीमा चुकली तर विधी बाद. आठ प्रकारच्या खुणांनी (डोंगर, दगड, वन, झाड, वाट, वारूळ, नदी, पाणी) आखलेल्या क्षेत्रात असलेला प्रत्येक भिक्षू हजर हवा. एखादा झोपडीत झोपून राहिला की काम फुकट. दोन सीमा एकमेकींत घुसल्या तरी फुकट. या शंकेपायी बर्मातल्या पेगूच्या धम्मचेती राजाने पंधराव्या शतकात बावीस थेर लंकेला पाठवले आणि त्यांची उपसंपदा कल्याणी नदीत, पाण्यावर करवून घेतली. जमिनीवरच्या सीमेबद्दल वाद निघतो, वाहत्या नदीबद्दल निघत नाही. परतल्यावर त्यांनी हजारो भिक्षूंना नव्याने उपसंपदा दिली आणि राजाने सगळी हकीकत दगडात कोरून ठेवली.

खुद्द लंकेत काय झालं? चोळांच्या आक्रमणानंतर अकराव्या शतकात विजयबाहू राजाला पाच भिक्षू मिळेनात, ते बर्माहून आणले. भिक्षुणीसंघ तिथेच संपला. अठराव्या शतकात पुन्हा तीच वेळ आली आणि 1753 मध्ये डच जहाजातून सयामचे (आजचं थायलंड) उपाली थेर आले. सयाम निकाय, म्हणजे भिक्षूंचा तो पंथ, तेव्हापासूनचा. पण उपसंपदा पुढे एकाच उच्च जातीपुरती राहिली, तेव्हा बाकीच्यांनी 1800 च्या सुमारास बर्मा गाठला आणि अमरपूर निकाय उभा केला. जात इथेही आडवी आलीच.

या सगळ्यात एक फरक लक्षात ठेवा. उपासक व्हायला कोरम लागत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेऊन बाबासाहेबांनी स्वतः लाखोंना दीक्षा दिली, ती विनयाच्या कुठल्याच नियमात अडत नाही. भिक्षुसंघ घडवणं हे वेगळं काम आहे.

1996 मध्ये सारनाथला दहा सिंहली स्त्रियांची उपसंपदा झाली, भिक्षुणींचा गण कोरियाचा होता. 1998 मध्ये बोधगयेला तैवानच्या भिक्षुणी बसल्या. म्हणजे 433 साली नंदीच्या जहाजातून लंकेहून गेलेली परंपराच परत आली. विरोधक म्हणतात, तो धर्मगुप्तक विनय, आमचा थेरवाद, म्हणजे पाली विनय, तेव्हा ही डोकी आमच्या कोरममध्ये धरता येत नाहीत. थायलंडमध्ये 1928 च्या आदेशाने भिक्षूंना स्त्रियांची दीक्षा करायला आजही बंदी आहे, म्हणून थाई स्त्रिया उपसंपदेसाठी विमानाने श्रीलंकेला जातात.