‘एआय स्वतःच समजून घेतं’ म्हणणाऱ्यांसाठी

‘डॉक्युमेंटेशन मेलं, एजंट आले’ या मथळ्याचा एक मेसेज सध्या नागपुरातल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते असं: एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रामला, टूल (नोंद करणं, शोधणं अशी कामं करून देणारे छोटे प्रोग्राम) फक्त जोडून द्या, वर्णनं लिहीत बसू नका, आतलं सगळं ते स्वतः समजून घेतं. जितकी टूल जास्त तितका एजंट हुशार. डेमो एकदा चालला की टेस्टिंगची गरज नाही. आणि ‘फक्त वाचणारं’, म्हणजे माहिती वाचतं पण बदलत नाही, अशी खूण असलेलं टूल बिनधास्त जोडा.

असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देतो. हा सोडून देता आला नाही, कारण तो माझ्या भाचीला तिच्या टीम लीडने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे बघ, तू उगाच वेळ घालवतेस.’ परसोडीच्या आयटी पार्कजवळच्या एका छोट्या कंपनीत ती हेच काम करते: एजंट वापरतो त्या टूलची वर्णनं लिहायची आणि एजंट ती नीट वापरतो का ते तपासायचं. तिने मला फोन करून विचारलं, ‘मामा, खरंच फालतू आहे का हे काम?’ अजिबात नाही.

आधी ते ‘आतलं समजून घेतं’ घेऊ, कारण याच्याइतकं निराधार त्या मेसेजमध्ये दुसरं काही नाही. एजंट टूल वापरतो तेव्हा मॉडेलला, म्हणजे एजंटच्या आतल्या एआयला, टूलचा कोड दिसतच नाही. एआय मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंटला टूल जोडायची एक ठरलेली पद्धत) घ्या, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलकडून टूल वापरून घ्यायची सोय, घ्या. मॉडेलसमोर येतं ते टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं त्याचा आराखडा. बस्स. बाकीचं ते अंदाजाने भरतं.

हा अंदाज कसा चुकतो ते भाचीच्या कामातच बघायला मिळालं. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्यासाठी एजंट बनत होता. टूलचं नाव ‘माल नोंदवा’, वर्णन एका ओळीचं: ‘आलेला माल नोंदवतो’. त्यात ‘प्रमाण’ नावाचा रकाना आणि त्याचा प्रकार ‘संख्या’. एककाचा पत्ता नाही. संत्र्याचा भाव टनावर बोलतात, माल क्रेटमध्येही येतो आणि त्या सॉफ्टवेअरच्या पोटातला हिशेब क्विंटलचा. चाचणीत तिने लिहिलं, ‘दोन टन आंबिया आला’ (म्हणजे आंबिया बहाराचा संत्रा). एजंटने २ भरले. ‘चाळीस क्रेट आले.’ ४० भरले. दोन्ही वेळा टूलने ‘नोंद यशस्वी’ असं कळवलं. वीस क्विंटल मालाची नोंद दोन क्विंटल झाली आणि स्क्रीनवर कुठे चुकीचा मागमूस नाही! मग तिने ‘एकक’ हा सक्तीचा रकाना वाढवून घेतला, त्यात टन किंवा क्विंटल एवढंच निवडता येईल असं केलं, आणि वर्णनात लिहिलं की क्रेट सांगितले तर वजन विचारल्याशिवाय नोंद करू नये. त्यानंतर तीच वाक्यं दिली तर एजंटने टन बरोबर भरले आणि क्रेटचं वजन विचारलं. याला उगाच घालवलेला वेळ म्हणायचं?

मॉडेल बनवणाऱ्यांचा अनुभवही वेगळा नाही. कोडमधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या एजंटवर काम करताना मुख्य प्रॉम्प्टपेक्षा (मॉडेलला दिलेल्या लेखी सूचनेपेक्षा) टूल सुधारण्यात जास्त वेळ गेला, असं अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये लिहिलं. एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की फाइलचा अपुरा पत्ता देऊन चुकायचा. टूलला पूर्ण पत्ताच लागेल असं केलं आणि ती चूक थांबली.

आता ‘डेमो चालला म्हणजे झालं’. हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकून लोक खऱ्या गिऱ्हाइकाच्या हिशेबाला एजंट जोडतात. सिएरा या एआय एजंट बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी जून २०२४ मध्ये टाऊ-बेंच नावाची चाचणी प्रसिद्ध केली. किरकोळ विक्री आणि विमान तिकिटं ही त्यातली दोन क्षेत्रं. ग्राहकाची भूमिका एक मॉडेल करतं, एजंट त्याच्याशी बोलतो, टूल वापरतो. शेवटी एजंट काय म्हणाला याला महत्त्व नाही. डेटाबेसमध्ये जे व्हायला हवं होतं तेच झालं का, हे जुळवून बघतात. ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-४ओसारखं त्या वेळचं आघाडीचं मॉडेल निम्मी कामंही पुरी करू शकलं नाही. आणि किरकोळ विक्रीत तेच काम आठ वेळा दिलं तर आठही वेळा बरोबर येण्याचं प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली.

मॉडेल तेव्हापासून सुधारली आहेत, पण हिशेब तोच आहे. दहातल्या नऊ वेळा बरोबर येणारा एजंट धरा. सलग आठही वेळा बरोबर येण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे साधारण ४३ टक्के. तुमचा डेमो त्या नऊंपैकी एक होता एवढंच त्यातून कळतं. निदान पैशाला आणि मालाला हात लावणाऱ्या टूलसाठी तरी तेच काम पुन्हा पुन्हा देऊन डेटाबेस तपासा.

जास्त टूल म्हणजे जास्त हुशारी, यावर फार बोलायला नको. ‘ऑर्डर शोधा’, ‘ऑर्डर बघा’, ‘ऑर्डर तपशील’ अशी तीन टूल शेजारी ठेवली तर कोणतं कधी वापरायचं हे मॉडेलला कशावरून कळणार?

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करतो. माणसांसाठी लिहिलेलं जाडजूड मॅन्युअल एजंटच्या गळ्यात बांधून उपयोग नसतो. जोडलेल्या टूलची वर्णनं साधारणपणे मॉडेलला दर वेळी वाचावी लागतात, त्यामुळे फाफटपसारा महागात पडतो आणि कामाचं वाक्य त्यात हरवतं. पहिला मसुदा मॉडेलकडून लिहून घेतला तरी माझी हरकत नाही. पण थोडक्यात लिहायला सांगणं वेगळं आणि लिहूच नका म्हणणं वेगळं.

राहिली ‘फक्त वाचणारं’ ही खूण. ती टूल देणाऱ्यानेच लावलेली असते. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या नियमांतच म्हटलंय की टूल पुरवणारा सर्व्हर विश्वासातला नसेल तर अशा खुणांवर भरवसा ठेवू नये. शिवाय वर्णन हाच मॉडेलसाठी हुकूम ठरू शकतो. एआयची सुरक्षा तपासणाऱ्या इन्व्हेरिअंट लॅब्ज या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये हे करूनच दाखवलं: दोन आकड्यांची बेरीज करणारं साधं टूल, आणि त्याच्या वर्णनात दडवलेली सूचना, की आधी वापरणाऱ्याच्या मशीनवरची गुप्त किल्लीची फाइल वाच आणि तिचा मजकूर सोबत पाठव. मंजुरी मिळाल्यावर वर्णन मागाहून बदलता येतं, हेही त्यांनी दाखवलं. म्हणून बाहेरचं टूल जोडताना त्याचं पूर्ण वर्णन माणसाने वाचायचं, त्याची प्रत जपून ठेवायची, आणि एक शब्द जरी बदलला तरी पुन्हा वाचून होईपर्यंत ते टूल बंद ठेवायचं.