पॅनहार्डचे बुश गेलेत

मागच्या महिन्यात गाडी मागून डोलायला लागली म्हणून गॅरेजला नेली. मेकॅनिक खाली शिरला, पान्याने दोन टोले हाणले आणि आतूनच ओरडला, "दादा, पॅनहार्डचे बुश गेलेत!" मागचा ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून त्याला बॉडीशी बांधून ठेवणारा दांडा म्हणजे पॅनहार्ड रॉड, आणि बुश म्हणजे त्याच्या टोकांना बसवलेले रबरी तुकडे. म्हटलं, हा पॅनहार्ड कोण? तो म्हणाला, "कोण म्हणजे? पार्ट आहे तो."

पार्ट कसला, माणूस आहे! रेने पानार. (फ्रेंच लोक 'हार्ड' म्हणत नाहीत, नुसतं पानार.) त्याच्या कंपनीची शेवटची मोटार १९६७ साली निघाली, त्याआधीच सित्रोएनने ती गिळली होती. आता आपल्या गॅरेजात नाव उरलंय ते या दांड्यापुरतं.

धंदा मुळात मोटारींचा नव्हताच. पॅरिसात पेरँ नावाच्या गृहस्थाचा लाकूडकामाची यंत्रं बनवणारा कारखाना होता, बँड सॉ वगैरे. १८६७ मध्ये पानार त्यात भागीदार झाला, पुढे एमिल लवासोर हा इंजिनिअर आला. १८८६ मध्ये पेरँ वारला आणि पाटी लागली 'पानार ए लवासोर'.

मला खरं बोलायचंय ते पाटीवर नसलेल्या बाईंबद्दल. एदुआर साराझँ हा पॅरिसमधला बेल्जियन वकील. जर्मन इंजिनिअर डाइमलरच्या इंजिनाचे फ्रान्सपुरते हक्क त्याच्याकडे होते आणि इंजिनं बनवायचं काम त्याने याच कारखान्याकडे दिलं होतं. १८८७ च्या डिसेंबरात तो वारला. दुसरी कोणी असती तर कागद दिराच्या हवाली करून मोकळी झाली असती. लुईस साराझँ स्वतः जर्मनीत कानश्टाटला जाऊन डाइमलरला भेटल्या आणि हक्क स्वतःकडे राखले. १८९० मध्ये त्यांनी लवासोरशी लग्न केलं. यावर 'पेटंटसाठी लग्न' असा विनोद करणारे करोत, पण हुंड्यात इंजिन आणणारी बाई मला तरी दुसरी माहीत नाही. पाटीवर तिसरं नाव साराझँ हवं होतं, हे माझं ठाम मत.

लवासोर नुसता नवरा नव्हता हेही खरं. तेव्हाच्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्या, इंजिन सीटखाली नाहीतर मागे. त्याने १८९१ मध्ये ते उचलून पुढे ठेवलं. मागे क्लच, त्यामागे गिअर, आणि ताकद मागच्या चाकांना. पुढची कित्येक दशकं 'मोटार' म्हटलं की हीच रचना. त्याचे गिअर दात सरकवून एकमेकांत घुसवायचे. रांगडं आहे पण चालतं, असं तो स्वतःच म्हणायचा म्हणे. जुने ट्रक चालवलेल्या ड्रायव्हरला विचारा, डबल क्लच (गिअर बदलताना क्लच दोनदा दाबणं) नीट बसला नाही की कसा खर्रर्र आवाज यायचा. त्या आवाजाचा मूळपुरुष हा.

आणि त्याची ती शर्यत! जून १८९५, पॅरिस ते बोर्दो आणि परत, जवळपास ११७८ किलोमीटर. वाटेतल्या रुफेक गावी ड्रायव्हर बदलायचं ठरलं होतं, पण हा इतका लवकर पोचला की बदली ड्रायव्हर अजून अंथरुणात. त्याला उठवून वाट बघण्यापेक्षा हा तसाच पुढे. ४८ तासांहून जास्त एकट्याने गाडी हाणली, सरासरी ताशी २४ किलोमीटर. दुसरा आला तो जवळपास सहा तासांनी. पहिलं बक्षीस मात्र प्यूजो कंपनीच्या गाडीला, कारण नियमात चार सीटची गाडी हवी होती आणि याची दोन सीटची. नियम म्हणजे नियम, ठीक आहे, पण वाचून माझी चिडचिड झालीच.

पुढच्याच वर्षी पॅरिस-मार्से शर्यतीत कुत्रं आडवं आलं, गाडी उलटली. त्या दुखण्यातून तो कधी नीट सावरला नाही. एप्रिल १८९७ मध्ये गेला. लुईस दुसऱ्यांदा विधवा झाल्या.