पसारा दाखवण्याचा परवाना

कोथरूडमधल्या माझ्या मावसबहिणीची सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघाली आहे. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका मात्र घरातलं काहीच हलवू देत नाहीत. रद्दीचे गठ्ठे, पिशव्या, बंद पडलेले मिक्सर. ओटा दिसत नाही म्हणे. कुणीतरी त्यांच्या अर्धवट उघड्या दारातून व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. ताईचं म्हणणं, "अगं, तुमच्याकडे इंग्लंडात अशी पसाऱ्याने भरलेली घरं रिकामी करताना टीव्हीवर दाखवतात ना, तसा शो मराठीत हवा. हा आजार आहे हे लोकांना कळेल तरी."

आजार आहे, हे खरं. वस्तू टाकवतच नाहीत, अशा या 'होर्डिंग डिसऑर्डर'ला अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. 'होर्डर्स' हा तिथला शो मात्र २००९ मध्येच सुरू झाला होता. डॉक्टरांच्या यादीत नाव लागण्याआधीच हा आजार लोकांच्या करमणुकीत दाखल झाला.

इंग्लंडमध्ये राहून असे शो मीही पाहिलेत, आणि माझी तक्रार त्यांच्या घड्याळाबद्दल आहे. दोन-तीन दिवसांत घर रिकामं व्हायला हवं, कारण ट्रक भाड्याने आणलेला असतो आणि शेवटी चकचकीत खोली दाखवायची असते. उपचाराची चाल अगदी उलटी. एकेक वस्तू हातात घेऊन तिचं काय करायचं हे त्या माणसानेच ठरवायचं, आणि यात महिने जातात. जबरदस्तीने रिकामं केलेलं घर बहुतेकदा पुन्हा भरतं. आणि संमतीचं म्हणाल, तर घरातून बाहेर काढण्याची नोटीस हातात असलेला माणूस कशावरही सही करेल. तरी एक कबूल करते: सफाईचा आणि नंतरच्या समुपदेशनाचा खर्च वाहिनी देते. ज्याला दुसरं कुठलंच दार उघडं नाही, त्याने हे दार ठोठावलं तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

इथे इंग्लंडमध्येही शहाणपण उशिराच आलं. लोकांची घरगुती भांडणं टीव्हीवर मांडणाऱ्या 'द जेरेमी काइल शो'मध्ये भाग घेतलेल्या एका माणसाच्या मृत्यूनंतर मे २०१९ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. सहभागी माणसांच्या भल्याची योग्य काळजी वाहिन्यांनी घ्यावी, हा ऑफकॉमचा, म्हणजे इथल्या प्रसारण नियामक संस्थेचा नियम २०२१ पासून लागू झाला. आपल्याकडे भारतात २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये, असं तो सांगतो. पण ते कलम मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्यांपुरतं. काका कधी डॉक्टरकडे गेलेच नाहीत, त्यांना त्याचा काय उपयोग?

"पानशेत पाहिलेली पिढी, साठवणारच," असंही ताई म्हणाली. १९६१ च्या पुराने घरं धुवून नेली, त्यानंतर दोरीचा तुकडाही जपून ठेवणारी माणसं आपण पाहिलीत. पण ती जपणूक वेगळी. त्यांचा माळा भरलेला असे, आणि खाली पंगत बसत असे. खोली ज्या कामासाठी आहे त्यासाठी वापरताच येईना, तेव्हा आजाराचा विचार करायचा.

काकांसाठी सोसायटीने बिल्डरकडून मुदत वाढवून घ्यावी आणि भाचा-पुतण्या कुणी असेल तर त्याला बोलवावं. शूटिंगची एवढीच हौस असेल, तर सोसायटीच्या मीटिंगचं करा. सगळ्या सभासदांच्या लेखी संमतीने.