‘पगार घेतलात ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कोविड वॉर्डातल्या सिस्टरांवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी नाव न देता लिहिलंय: “पगार घेऊन केलेल्या कामाचं किती रडगाणं गाणार? आमचे वडील दाखल होते तेव्हा वॉर्डातला फोन कोणी उचलत नव्हतं. आणि मावशी, वॉर्डबॉय तुमच्या लेखात दिसलेच नाहीत.”

शेवटचं आधी. मावशींवर आणि वॉर्डबॉयवर दोनच ओळी आल्या, हे मान्य. जास्त यायला हव्या होत्या.

पण ‘रडगाणं’? मत काहीही असो, बोलायची काही रीत असते. नाशिकमध्ये माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. नातेवाइकांच्या शिव्याही खाल्ल्या, पण त्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा. तुम्ही घरी बसून, सवडीनं लिहिलंय.

पगाराचं म्हणता. आमच्या वॉर्डात निम्म्याहून जास्त मुली कंत्राटी होत्या. तीन-तीन महिन्यांची ऑर्डर, त्यातही पगार रखडलेला, आणि लाट ओसरल्यावर सरळ घरी. 22 मार्च 2020 ला सगळ्या देशानं थाळ्या वाजवल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्यातल्या एकीला घरमालकानं खोली रिकामी करायला लावली. कुठल्या पगारात बसतं हे?

आणि काम काय होतं? हातात दोन-दोन ग्लोव्ह्ज, गॉगलवर वाफ. सलाइन लावायला शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. आजींचा हात सुजलेला, आधीच चार ठिकाणी टोचलेला. पुन्हा अंदाजानं टोचायचं आणि “झालं हं आजी” म्हणायचं. पेशंटला पालथं करायचं तर एकीनं डोकं आणि श्वासाची नळी सांभाळायची, बाकीच्यांनी खांदा-कंबर. आयसीयूत एका खाटेला एक नर्स असावी असा निकष आहे. रात्रपाळीला आम्ही अख्ख्या वॉर्डाला दोघी असायचो.

21 एप्रिल 2021 ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि त्याच दिवशी 22 रुग्ण दगावल्याचं जाहीर झालं. मी तिथे नव्हते. पण बातमी आली तेव्हा आमच्या वॉर्डात प्रत्येकीची नजर ऑक्सिजन किती जातोय ते दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधल्या गोळीवर खिळली होती. ती खाली आली तर काय करायचं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या ड्युटीवर हजर होत्या, कंत्राटीसुद्धा. रखडलेल्या पगारासाठी कोणी असं येत नाही हो. राजीनामा देऊन घरी बसणं त्यांना केव्हाही जमलं असतं.

फोनचं म्हणाल तर तो वॉर्ड कुठला, मला ठाऊक नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. किट घालून, पेशंटला सोडून फोनकडे धावता येत नाही, एवढं तरी समजून घ्या. वडील बरे होऊन घरी आले असतील अशी आशा आहे.

पुढे काही लिहायचं असेल तर नावानिशी लिहा. निनावी प्रतिक्रिया मी यापुढे ठेवणार नाही.