पाचामुखी पाषाण

आमची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा इतर सभासदांना वाढीव चौरस फुटांची, कॉर्पस फंडाची आणि बिल्डर तीन वर्षे भाडे वेळेवर देईल की नाही याची चिंता लागली होती. मला चिंता होती ती तीनशे बारा दगडांची. हे दगड मी गेली पस्तीस वर्षे जमवत आलो आहे आणि प्रत्येकावर अनुक्रमांकाची चिठ्ठी चिकटवून त्यांची जंत्री एका जाडजूड वहीत ठेवली आहे. मी त्यांना खनिजांचे नमुने म्हणतो. नातेवाईक मात्र त्यांना दगडच म्हणतात, आणि माझ्याविषयी बोलताना काय म्हणतात हे मला कळू न देण्याइतका सभ्यपणा अजून तरी त्यांच्यात शिल्लक आहे.

भाड्याने मिळालेले घर दोन खोल्यांचे, तिसऱ्या मजल्यावरचे आणि लिफ्ट नसलेले होते. तिथे काचेच्या कपाटाचे तीन कप्पे होते, आणि त्यांपैकी दोनांवर चिनी मातीच्या कपबश्या व नातवाची प्रशस्तिपत्रे यांचा हक्क आधीच शाबीत झालेला होता. उरलेल्या कप्प्याचे माप पत्नीने वीत टाकून घेतले आणि निकाल दिला. "अहो, पाच बसतील. तुमच्या आवडीचे पाच काढून ठेवा, बाकीचे वन्संकडे तळेगावला पाठवू." भाजीवाल्याकडे पाच लिंबे मागावीत इतक्या सहजपणे तिने हे सांगितले.

महाराष्ट्रात राहून दगडांचा नाद लागलेल्या माणसाला पाच ही काय पंचाईत आहे, हे सांगण्यासाठी थोडे मागे, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षे, जावे लागेल. त्या सुमारास इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि आपला काळा पाषाण तयार झाला. थिजताना त्या रसात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, पुढे खनिजे विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि आत सावकाश स्फटिक वाढले. दक्खनच्या काळ्या दगडाच्या पोटात लपलेला हा ऐवज विहीर खणताना, बोगदा पाडताना किंवा खडीसाठी सुरुंग लावताना अवचित उघडा पडतो. १८६३ साली पुरा झालेल्या बोरघाटातल्या रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडला, तेव्हा निघालेले स्टिलबाइट आणि अ‍ॅपोफिलाइट साहेबाने जपून विलायतेच्या संग्रहालयात नेऊन ठेवले. आपण मात्र उरलेल्याची खडी करून त्यावरून रूळ टाकले. युरोपातला संग्राहक अशा एखाद्या तुकड्यासाठी पैसे साठवतो, मी मात्र रविवारी सकाळी स्कूटरवरून खाणीकडे जाऊन दुपारच्या जेवणाला परत येत असे. पस्तीस वर्षांत तीनशे बारा म्हणजे खरे तर मी संयमच पाळला आहे, पण हे आमच्या घरी कोणाला पटत नाही.

प्रारंभी मी शास्त्रशुद्ध मार्ग धरला. बँकेत कर्जप्रकरणे तपासून आयुष्य गेले असल्यामुळे एक तक्ता आखला आणि रंग, चकाकी, टोकांची अखंडता, दुर्मीळता व आकार अशा पाच रकान्यांत प्रत्येकी दहापैकी गुण देत गेलो. तीन रात्री जागून गुणवत्ता यादी तयार झाली. तिच्यात पहिल्या पाचांत आलेले सगळे नमुने निर्दोष होते आणि सगळेच प्रदर्शनातून विकत आणलेले होते. त्यांच्याकडे पाहताना मला निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या हुशार मुलांच्या छायाचित्रांकडे पाहिल्यासारखे वाटले, म्हणजे कौतुक पुष्कळ वाटले, पण जवळ घ्यावे असे वाटले नाही. मी तो तक्ता फाडून टाकला. आमच्या नादातल्या एका मित्राला फोन केला, तर "जो दुसऱ्याला देताना हात थरथरेल तो खरा आवडता," असे सांगून तो लगेच म्हणाला, "आणि जो देताना थरथरणार नाही, तो मला दे."

मग मी सोपे काम आधी हातावेगळे केले आणि स्टिलबाइटची एकेचाळीस जणांची पलटण एकगठ्ठा बाद केली. गव्हाची पेंढी मधोमध बांधावी तसा त्याचा घाट आणि पिकल्या पीचसारखा त्याचा रंग कोणालाही भुरळ घालील; पण तो आमच्याकडे वरणभातासारखा मुबलक आहे, आणि हॉटेलात गेल्यावर वरणभात कोणी मागवत नाही. बाद केल्यानंतर दोन दिवस मला त्या कपाटासमोरून जाताना खाली मान घालावी लागली, हे मात्र कबूल केले पाहिजे.

कॅव्हन्साइटविषयी मला शंका नव्हती. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या आद्याक्षरांची मोट बांधून हे नाव तयार झाले आहे, म्हणजे नाव ठेवणाऱ्याने बारशाला फारसे कष्ट घेतलेले नाहीत. ते प्रथम अमेरिकेत ओरेगनमध्ये सापडले, पण त्याने खरा दिमाख दाखवला तो आमच्या पुण्याजवळच्या वाघोलीत. पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेली, बोराएवढी, टोचऱ्या पाकळ्यांची ती निळी गेंदेदार फुले ज्याने पाहिली नाहीत त्याला तो निळा शब्दांत सांगता येत नाही. नीळ घातलेल्या बादलीतला निळा तो नव्हे. मोरपिसाच्या डोळ्यातला, उन्हात धरल्यावर अंगावर येणारा निळा तो. खाणीवरच्या मुकादमाने कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते पुडके माझ्यासमोर अर्धेच उघडले होते आणि "साहेब, हा फोटोतला न्हाई, खराच आहे," असे म्हणून पुन्हा मिटले होते. त्या क्षणी माझ्या खिशात वॉशिंग मशीनच्या पहिल्या हप्त्याचे पैसे होते. पुढची चार वर्षे आमच्या घरी कपडे हाताने धुतले गेले, आणि आजही पाहुणे त्या निळ्या फुलासमोर थबकले की पत्नी त्यांना "हे आमचे वॉशिंग मशीन," अशी ओळख करून देते.

दुसरा नमुना राहुरीकडचा हिरवा अ‍ॅपोफिलाइट. त्याला हिरवेपणा येतो तोही व्हॅनेडियमच्या अंशानेच. सौंदर्याच्या नॉर्स देवतेचे नाव त्या धातूला उगाच दिलेले नाही. या खनिजाची खोड अशी की ते एका ठरावीक दिशेने पानासारखे सपाट सुटते, आणि सुटलेला भाग मोत्यासारखा झळकतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. प्रत्यक्षात ठाऊक झाले ते एका पाडव्याला, ओवाळणीसाठी सरळ उभे राहताना माझी कोपरखळी त्याला लागली तेव्हा. टोकाचा भाग सुरीने खरवस कापावा इतका सफाईने वेगळा झाला. फरशीवरून तो उचलताना मी पहिली गोष्ट कोणती पाहिली असेल, तर ती म्हणजे तुटलेल्या पृष्ठाची मोतिया चकाकी, आणि ती इतकी सुंदर होती की मी पत्नीला ताम्हन खाली ठेवून ती पाहायला बोलावले. ते टोक मी कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत कापसात ठेवले आहे. आता पेच असा पडला की मूळ नमुना आणि डबी मिळून एक धरायचे की दोन. पत्नीने क्षणाचाही विलंब न लावता डबी स्वतंत्र मोजली जाईल असे जाहीर केले. ही बाई कर विभागात असायला हवी होती.

ओकेनाइट हे खनिज आहे यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. काळ्या दगडाच्या पोकळीत कापसाचे गोळे ठेवल्यासारखे ते दिसते, आणि त्याचे तंतू इतके बारीक व लवचिक असतात की एकदा दबले की पुन्हा कधीही उभे राहत नाहीत. म्हणून त्यावरची धूळ पुसता येत नाही, फुंकताही येत नाही, नुसते मनातल्या मनात हळहळता येते. आमच्या सोसायटीचे खजिनदार देखभालखर्चाची पावती द्यायला आले असताना मी त्यांना तो दाखवला. "काय सांगता, दगड?" असे म्हणून त्यांनी, ज्या हाताने ते आपल्या मांजराला कुरवाळतात त्याच हाताने, गोळ्यावरून अंगठा फिरवला. तेव्हापासून अठ्ठ्याऐंशी क्रमांकाच्या त्या गोळ्याला डाव्या बाजूने भांग पडलेला आहे. मी त्याची ती बाजू भिंतीकडे ठेवतो आणि त्याला रोज पाहतो, आणि दोष नसलेले आणखी तीन ओकेनाइट माझ्याजवळ आहेत याची आठवण मला महिनोन्महिने होत नाही.

कॅल्साइटची कथा अधिक शोकपूर्ण आहे. मधाच्या रंगाचा, कडा कोऱ्या नोटेसारख्या धारदार असलेला तो स्फटिक मी जळगावहून आणला होता. गणपतीच्या आदल्या आठवड्यात आत्या आल्या होत्या आणि त्या घरात असल्या की पितळेच्या एकाही वस्तूला काळपट राहण्याची मुभा नसते. मी बँकेतून आलो तेव्हा समया, घंटा, ताम्हन आणि निरांजने ओट्यावर लखलखत होती आणि त्यांच्या शेजारी, चिंचेच्या कोळात बुडालेला, माझा कॅल्साइट होता. कॅल्साइटला आंबट चालत नाही; आम्लाच्या स्पर्शाने तो बुडबुडे सोडत विरघळू लागतो, आणि कॅल्साइट ओळखण्याची कसोटीच ही आहे. "तरीच म्हटलं, साबण न लावता याला फेस कसा येतोय," आत्या म्हणाल्या. माझ्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा त्यांनी तो नळाखाली धरला, पदराने पुसला आणि उजेडात पाहून समाधानाने मान डोलावली. धारदार कडा चोखलेल्या खडीसाखरेसारख्या गोलसर झाल्या होत्या. आत्या आता नाहीत. तो कॅल्साइट कोणत्याही प्रदर्शनात चार पैशांना जाणार नाही, आणि त्याला यादीतून वगळावे असे माझ्या मनात एकदाही आले नाही.

पाचव्या जागेसाठी मात्र चुरस झाली. एकीकडे नाशिकचा स्कोलेसाइट होता, पांढऱ्या सुयांचा जणू कारंजा. नाशिकपासून पुण्यापर्यंत मी तो एसटीत मांडीवर धरून आणला होता आणि दर गतिरोधकाला बूड सीटवरून चार बोटे उचलून त्याचा धक्का स्वतःच्या पोटऱ्यांवर घेतला होता. दुसरीकडे त्याच भागातला पॉवेलाइट होता. तो दिवसाउजेडी इतका सामान्य दिसतो की पाहणारे त्याच्या मागच्या भिंतीचे कौतुक करतात. पण अतिनील दिवा लावला की तोच पिवळाधमक पेटून उठतो. यासाठी संपूर्ण अंधार लागतो आणि आमच्या घरात तसा अंधार फक्त न्हाणीघरातच मिळतो. जावई प्रथमच घरी आले तेव्हा मी त्यांना चहापूर्वी न्हाणीघरात नेले, आतून कडी लावली, दिवा मालवला आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवायला सांगितला. बिचारे तासाभराच्या ओळखीचे, काही बोलले नाहीत. पॉवेलाइट पेटला. मी अपेक्षेने त्यांच्याकडे पाहिले, तर ते माझ्याकडे पाहत होते. "बाबा, तुमचा बनियन जास्त चमकतोय," ते म्हणाले. कपड्यांच्या साबणातली शुभ्रता वाढवणारी द्रव्ये त्या दिव्याखाली निळसर उजळतात, हे मला ठाऊक होते, पण त्यांना ते समजावून सांगण्याइतकी उमेद उरली नव्हती. अखेर पॉवेलाइटच निवडला. भाड्याच्या घरातल्या न्हाणीघराला खिडकी नाही, हे मी घर पाहायला गेलो तेव्हाच हेरून ठेवले होते.

पाचही नमुने जेवणाच्या टेबलावर मांडून मी पत्नीला बोलावले. तिने चष्मा पुसला आणि बँकेत तपासनीस येत तशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरी मारली. "एक माझे वॉशिंग मशीन," ती म्हणाली, "एक तुटका, एक चेपलेला, एक चिंचेत घातलेला आणि एक मोरीत बघायचा. चांगले सगळे तळेगावला पाठवताय होय?" मी उत्तर शोधत असताना तिने डबी उचलून हलवून पाहिली, आत टोक खुळखुळले, आणि ती तिने कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात, आपल्या कपबश्यांच्या मागे, काही न बोलता ठेवून दिली.

सामान हलवणारी मुले दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आली. तळेगावच्या तीनशे सात जणांना मी आठ दिवस राबून टिश्यू पेपर, कापूस आणि थर्मोकोल यांत निजवले होते. खोकी सव्वीस झाली होती. पहिले खोके उचलताच त्यांच्यातल्या थोरल्याने ते परत खाली ठेवले.

"काका, पुस्तकं आहेत का?"

"नाही. दगड आहेत."

त्याने जाड मार्कर काढून खोक्यावर मोठ्या अक्षरांत "दगड" असे लिहिले आणि धाकट्याला ते गाडीत सर्वांत खाली, गॅसच्या शेगडीखाली, ठेवायला सांगितले. मी धावत खाली गेलो आणि त्याला हात जोडून म्हणालो की हे अतिशय नाजूक आहेत, यांच्यावर काहीही ठेवायचे नाही, आणि वळणावर गाडी सावकाश घ्यायची. तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने दातांनी मार्करचे टोपण काढले आणि एकामागून एक सव्वीसही खोक्यांवर, "दगड" या शब्दाच्या खाली, "काच" असे लिहिले.