पोर्तुगीज शिकून काय करणार?

परवा भाचीने घरात सांगितलं की तिला गोवा युनिव्हर्सिटीत जाऊन पोर्तुगीज शिकायचंय, पार एमएपर्यंत. झालं, घरात कल्ला. दाजी म्हणाले जर्मन घे, नाशकात अंबडच्या कंपन्यांत कुठेतरी चालेल तरी, पोर्तुगीज बोलतं कोण. मी स्वतः गोव्यात राहून हीच भाषा शिकलेय त्यामुळे मला गप्प बसवेना, तिथे बोलले तेच इथे लिहितेय.

बोलतं कोण म्हणजे? एकट्या ब्राझीलमधे २० कोटींच्या वर माणसं आहेत. वर अंगोला, मोझांबिक, पूर्व तिमोर.

पण पोरीला नोकरीच्या आशेवर पाठवा असं मी म्हणतच नाहीये. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, चिमाजी अप्पांनी घेतली हे सगळ्यांनी शाळेत वाचलंय, गोवा तर १९६१ पर्यंत. इतकी वर्षं हे लोक आपल्या शेजारी बसून लिहीत होते, मराठ्यांचा वकील काय बोलून गेला, आरमार कुठे आहे, सगळं. शिवाजी महाराजांचं एक चरित्र १७३० मधे लिस्बनला पोर्तुगीजमधे छापलं गेलं! इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालून गोव्यातली दफ्तरं वाचली म्हणून मराठे-पोर्तुगीजांचं इतकं तरी आपल्याला कळलं. माझ्या ओळखीत इतिहासवेडी पोरं खूप आहेत, मोडी शिकतात, किल्ले पालथे घालतात, पण पोर्तुगीज एकालाही येत नाही आणि मला ते फार लागतं. आपलाच इतिहास कुणी भाषांतर करून देईल तेव्हा वाचायचा का?

आणि परकी कसली हो ही भाषा. मिसळीबरोबरचा पाव, बटाटा, कोबी, काजू, चावी, बादली, घमेलं, सगळे शब्द तिकडचे. लासलगावला कांद्याचा लिलाव बंद पडला की अख्खा जिल्हा हलतो, तो लिलाव पण पोर्तुगीजच. आभार मानताना पुरुष ओब्रिगादो म्हणतो नि बाई ओब्रिगादा, आपल्याला त्यात नवल नाही, आपण मी आलो, मी आले म्हणतोच की. रेवदंड्याजवळ कोर्लईला तर आजही काहीशे लोक घरात पोर्तुगीजमधून तयार झालेली बोली बोलतात, अलिबागला फिरायला जाता ना, मग थोडं पुढे जाऊन एकदा ऐकून या.

सोपी आहे असं मात्र नाही. असणे या एका अर्थाला सेर आणि इश्तार अशी दोन क्रियापदं, कुठे कुठलं हे कळायला मला वर्ष लागलं, आणि लिस्बनची माणसं अर्धे स्वर गिळून बोलतात, सुरवातीला मला रडू यायचं.

दाजी अजून हो म्हणालेले नाहीत. भाची रोज संध्याकाळी गंगापूर रोडला माझ्याकडे येते, काल क्रियापदं पाठ करून आली होती, सेर आणि इश्तारमधे एकदाच चुकली.